मान हलवायची, मान मिळवायचा!

अमरावती-अकोल्याकडे कोंबड्या पुष्कळ अंगणांत दिसतात, बदकं मोजक्याच ठिकाणी. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी सकाळी दहा मिनिटं पाण्याच्या घमेल्याजवळ बसावं. कोण कोणावर भाळलंय, कोण कोणाला दाबतंय, हे सगळं बदकं मानेनंच सांगतात.

१. मोठा आवाज तिचा
गल्लीभर ऐकू जाणारं ‘क्वॅक-क्वॅक’ मादीचं असतं. नराचा आवाज घोगरा आणि दबका. नराची आणखी एक पक्की खूण म्हणजे शेपटीवरचं वर वळलेलं कुरळं पीस.

२. आधी होकार, मग जवळीक
नर-मादी समोरासमोर येऊन माना वर-खाली करू लागले की जुळलं समजा. मादी पाण्यावर सपाट होते, तो तिचा होकार. नंतर नर मान डोलवत तिच्याभोवती पोहतो आणि ती पंख फडफडवत मनसोक्त आंघोळ करते.

३. ‘तो नको, हा हवा!’
मादी आवडत्या नराला खेटून पोहते आणि नकोशा नराच्या दिशेनं खांद्यावरून चोच झटकत कुरकुरते. बदकांच्या अशा हालचालींचा तुलनात्मक अभ्यास कोनराड लॉरेन्झ यांनी १९४१ मध्ये मांडला. पुढे १९७३ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले. त्यांनी टिपलेली गंमत अशी की, नकोसा नर अगदी समोर उभा असला तरी तिची मान सवयीनं खांद्यावरूनच वळते!

४. चक्रवाकी धावूनच जाते
हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन विलाप करते, असा संस्कृत काव्याचा संकेत. प्रत्यक्षात ही जोडी एकमेकांना धरून राहते. जोडीदार निवडण्यात पुढाकार मादीचा. मान खाली ताणून ती परक्यावर धावून जाते आणि आपल्या नराकडे परतते.

५. चोचीवर हळदी-कुंकू
वऱ्हाडातल्या तळ्यांवर बारमाही दिसणारं हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं, कपाळापाशी लाल ठिपका. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी! हिरव्या डोक्याच्या मॅलार्डमध्ये नर लांबूनच ओळखू येतो, इथे मात्र नर-मादी जवळजवळ सारखेच. मॅलार्ड म्हणजे आपल्या बहुतेक पाळीव बदकांचा मूळपुरुष.

६. पावसाळ्यात फुगणारं नाक
नाकेर बदकाच्या नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असतो. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, तो चांगलाच फुगतो. मादीला तो नसतोच. एका नराभोवती दोन-तीन माद्याही दिसतात.

७. आधी कोण खाणार?
कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचू शकते याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे यांनी ती १९२१-२२ च्या सुमारास जगापुढे आणली. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळत होते. बदकांतही वरचढ कोण ते दाण्यापाशी कळतं. वरचढ मादीनं नुसती मान ताणली तरी बाकीच्या बाजूला होतात. नवीन बदक आणलं की क्रम पुन्हा लागतो. छातीला छाती भिडते, पंखांचे फटके बसतात, आणि बहुधा काही दिवसांत सगळं निवतं.

८. न ओरडणारा दादा
तोंडावर लाल गाठी असलेलं मस्कोव्ही बदक मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. त्याचा नर ओरडत नाही. डोक्यावरचा तुरा फुलवतो, शेपटी हलवतो आणि फुसफुसतो. साध्या बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत.

९. तिच्या मानेकडे बघा
मिलनात नर मादीची मान चोचीत धरतो. नर जास्त झाले की सगळे तिच्याच मागे लागतात, आणि मानेवरची पिसं झडून कातडी उघडी पडते. याला लाडीगोडी समजू नका, हा छळ आहे. एका नरामागे पाच-सहा माद्या ठेवा. जास्तीचे नर वेगळे करा. दाणा दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे दुबळीलाही मिळेल. डोकं बुडेल इतकं पाणी रोज बदला. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे चढतो, तेव्हा सावली आणि गार पाणी आधी तिला द्या. पिसं पुन्हा येतील. ती पाण्यावर निवांत पंख फडफडवू लागली की समजा, आता तिला धाक राहिला नाही.