किलोला पाऊण

शेजारच्या काकूंच्या ओट्यावर चांगला ओव्हन आहे. नातवंडांच्या वाढदिवसाचे केक त्यातच होतात. तरी दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की मैदा, पिठीसाखर, तूप आणि रिकामे डबे पिशव्यांत भरून त्या साताऱ्यातल्या जुन्या पेठेतली बेकरी गाठतात. नानकटाई घरीच का करत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "चार किलोची घालायची तर अख्खा दिवस ओव्हनसमोर उभं राहावं लागेल. आणि तिथली चव घरी येत नाही. तू एकदा चलच." यंदा मी त्यांच्याबरोबर गेले.

पुढे दुकान, मागे भट्टीची खोली. मधल्या बोळात बाकांवर बायका बसलेल्या, पायांशी डबे, डब्यांवर आडनावांच्या चिठ्ठ्या. आत वास असा, की क्षणभर पाऊल अडतं. तापलेलं तूप, वेलची, भाजत आलेला मैदा आणि या सगळ्यांच्या मागे धुराचा, जळक्या लाकडाचा वास. घरच्या ओव्हनमधून हा शेवटचा वास येत नाही.

आतल्या कारागिराला सगळ्याजणी चाचा म्हणतात. वय साठीच्या पुढचं. तरुणपणी उत्तर प्रदेशातून आले आणि इथलेच झाले. मराठी अस्सल साताऱ्याची. नव्यानेच आलेल्या एका मुलीने प्रमाण विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणाले, "किलोला पाऊण, ताई. मैदा किलो, तर तूप पाऊण, साखर पाऊण. तुपात हात आखडला तर नानकटाई दातात घुसंल, मग मला बोलू नका." तासाभरात हे 'किलोला पाऊण' मी किती जणींच्या तोंडून ऐकलं. आईकडून मुलीकडे, जावेकडून जावेकडे, या बाकावरून त्या बाकावर ते पोचत होतं.

मला तिथून हलू दिलं नाही ते तूप फेसण्याने. मोठी परात, तिच्यात घट्ट रवाळ तूप. चाचा तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ते परातीवर रगडत पुढे नेतात, बोटांनी ओढून मागे आणतात. सुरुवातीला तूप पिवळं असतं, कणी हाताला लागते. थोड्या वेळाने कणी मोडते, रंग उतरायला लागतो. मग पिठीसाखर, तीही एकदम नाही, मूठमूठ. पंधरा-वीस मिनिटांनी परातीत पांढरंशुभ्र, हलकं, फुगलेलं काहीतरी असतं. त्याला तूप म्हणवत नाही. दरम्यान त्यांच्या दंडापर्यंत घाम आलेला असतो आणि हात एकदाही थांबलेला नसतो. या फेसण्यात तुपात हवा कोंडली जाते आणि भट्टीत तीच नानकटाईला फुलवते. मशीन आहे, ते पावाचं पीठ मळायला वापरतात. नानकटाईला चाचा हातच लावतात. "तूप कधी झालं ते हाताला कळतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

चाळलेला मैदा, चिमूटभर सोडा, वेलची पडली की वेग एकदम मंदावतो. आता मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मैद्याच्या कणाकणाला तूप लागलेलं असतं, पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे पिठाला पोळीच्या कणकेसारखी ओढ येत नाही. खुसखुशीतपणा तो हाच. पुढे गोळे वळणं, अंगठ्याने हलका दाब देणं, चारोळी टोचणं हे काम बायकाच करतात. पत्र्यावर गोळ्यांच्या ओळी लागतात, कोपऱ्यात ज्याची त्याची चिठ्ठी. आपलं तूप आपल्याच नानकटाईत गेलं की नाही, यावर सगळ्यांचं बारीक लक्ष असतं.

भट्टीला घाई चालत नाही. विटांची ती घुमटी रात्री लाकडं पेटवून तापवतात. विस्तव बाजूला सारला तरी विटांनी धरलेली उष्णता तासन् तास टिकते. पहिला कडक ताव पावाचा. तो उतरला की खारी, मग नानकटाई, आणि अगदी शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट सुकतात. नानकटाईला मऊ ताव लागतो. कडक तावात वरून करपते, आत कच्ची राहते. चाचा चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकतात आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघतात. काटा नाही, आकडे नाहीत. मैदा लगेच काळवंडला, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला आणि बाकावरच्या सगळ्याजणी आणखी अर्धा तास बसून राहिल्या.

त्या अर्ध्या तासात एका आजींनी पिशवीतून लोकर काढली. दोन सुलटे, दोन उलटे. स्वेटरची पट्टी चालली होती. दिवाळीनंतर थंडी पडते, तोवर पाठ आणि बाह्या व्हायला हव्यात, असा त्यांचा हिशोब. शेजारणीने पट्टी हातात घेऊन ताणून पाहिली, टाके मोजले. कुणी मे महिन्याच्या सुट्टीतल्या नानकटाईची आठवण काढली, कुणी ईदच्या आधी इथे लागणाऱ्या रांगेची. वर्षाचे दिवस या बाकावर असे मोजले जातात.

सुरतेतल्या डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणाऱ्या पारशी भटाऱ्यांपासून नानकटाई सुरू झाली, असं सांगतात. तेव्हापासून आजवर ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या हातानेच भाजली गेली आहे. आपण मात्र तिला घरची म्हणतो. तूप घरचं, मैदा घरचा, डबा घरचा, हे खरं. पण धूर चाचांच्या छातीत जातो. पत्रा ओढताना त्यांना खोकला येतो. हातावरचे केस कधीच जळून गेलेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा चव जाणार म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. भट्टीपुढे उभं राहून आल्यावर मला ती हळहळ पटत नाही. तो धुराचा वास मलाही आवडला, पण कुणाच्या तरी खोकल्याच्या मोलाने तो हवासा वाटू नये.

इथे मुंबईचा आदेश लागू नाही. तरी चाचांना विचारलं, उद्या गॅसची भट्टी आली तर? त्यांनी आधी आमचा पत्रा बाहेर घेतला. नानकटाईला वर भेगा गेल्या होत्या, कडा फिकट बदामी. "गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, मऊ पडंल," असं काकूंना बजावलं आणि मग म्हणाले, "नवा ताव कळायला दोन महिने लागतील. कळंल. गिऱ्हाईक आलं पाहिजे."

दाराशी एकजण किलोमागच्या मजुरीवर घासाघीस करत होती. पाच रुपये कमी करा म्हणत होती आणि चाचा गप्प उभे होते. लाकूड गेलं तर जाऊ दे. किलोला पाऊण हे प्रमाण घराघरांत पाठ आहे, ते कुठे जात नाही. वीस मिनिटं तूप फेसणारा हात मात्र घराघरांत नाही. तो टिकावा असं वाटत असेल, तर डबे भरून तिथे जात राहायला हवं आणि मजुरी सांगतील तेवढी द्यायला हवी.