मुक्या जिवांचे विस्थापन

२९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅटरिना' हे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुईझियाना राज्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. सुटकेसाठी आलेल्या होड्या, हेलिकॉप्टर व बसगाड्यांत बहुतेक ठिकाणी केवळ माणसांना प्रवेश होता. कुत्री, मांजरे, पाखरे मागे ठेवूनच चढावे, असा दंडक होता. सुपरडोम या क्रीडागाराजवळ बसमध्ये चढणाऱ्या एका लहानग्याच्या हातून पोलिसाने त्याचा कुत्रा काढून घेतला. 'स्नोबॉल, स्नोबॉल' असा आक्रोश करता करता त्या मुलाला ओकारी झाली. ही छोटीशी बातमी देशभर पसरली. तो कुत्रा सापडल्याच्या वार्ता पुढे आल्या खऱ्या, परंतु त्यांची खात्री पटली नाही.

दोन-तीन दिवसांत परतू, या समजुतीने अनेकांनी अन्नपाण्याची भांडी भरून प्राण्यांना घरातच ठेवले होते. प्रत्यक्षात परतीची वाट कित्येक आठवडे बंद राहिली. स्वयंसेवक दारे फोडून आत शिरत आणि बाहेरच्या भिंतीवर रंगाच्या फवाऱ्याने तारीख व आत सापडलेल्या प्राण्यांची नोंद करीत. गोंझालेस येथील लामार-डिक्सन प्रदर्शन संकुलातील घोड्यांच्या तबेल्यांत हजारो प्राण्यांची छावणी उभी राहिली. सुमारे १५,००० प्राणी वाचविले गेले, असा अंदाज आहे. त्यांपैकी मूळ मालकांकडे परतले ते जेमतेम १५ ते २० टक्के. कित्येकांच्या गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नाव-पत्ता नव्हता; आणि जागेअभावी प्राण्यांची रवानगी दूरदूरच्या राज्यांत झाली होती. अपुऱ्या नोंदीची किंमत बँक व्यवहारात मुरलेल्या वाचकास निराळी सांगावयास नको! याउलट, लुईझियाना एसपीसीए या संस्थेने आपल्या निवाऱ्यातील २६३ प्राणी वादळापूर्वीच ह्यूस्टनला हलविले होते.

हा प्रश्न केवळ भूतदयेचा नव्हता. फ्रिट्झ इन्स्टिट्यूटच्या २००६ मधील पाहणीत, घर न सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी पाळीव प्राणी हेही त्यामागील एक कारण असल्याचे सांगितले. प्राण्यापायी माणसेही पुरात अडकली होती. ६ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'पेट्स' कायद्यावर स्वाक्षरी केली. राज्यांच्या व स्थानिक प्रशासनांच्या आपत्कालीन आराखड्यांत पाळीव व सेवाप्राण्यांचा विचार असणे त्यानुसार आवश्यक ठरले आणि केंद्रीय निधीशी त्याची सांगड घातली गेली. नुसत्या आवाहनापेक्षा निधीची अट अधिक परिणामकारक ठरते, हा अनुभव सर्वत्र सारखाच.

एक गुंता मात्र कायद्याने सुटला नाही. तेथील कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही जंगम मालमत्ता. दूरच्या राज्यातील कुटुंबाने बेवारस समजून त्याला दत्तक घेतले, जीव लावला. आणि काही महिन्यांनी मूळ मालक शोध घेत दाराशी आला. अशी कित्येक प्रकरणे न्यायालयात गेली. २००९ मधील 'माइन' हा माहितीपट याच झगड्यावर आधारलेला आहे.