पडद्यावरची मोटार आणि न्यूटनचे नियम

एक उदाहरण सोडवू या. एक मोटार ताशी ७२ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने, एका सपाट वळणावर येत आहे. वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. रस्ता कोरडा असून टायर व रस्ता यांच्यातील घर्षणांक ०.८ आहे. मोटार वळणावरून सुखरूप जाईल काय?

वेगाचा वर्ग ४००. त्याला ५० ने भागले की ८ येतात. म्हणजे वर्तुळाकार मार्गावर राहण्यासाठी मोटारीला केंद्राकडे ८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके त्वरण हवे. हे त्वरण देणार कोण? इंजिन नव्हे, सुकाणू चक्रही नव्हे; ते देते फक्त टायरखालचे घर्षण. आणि घर्षण जास्तीत जास्त ०.८ गुणिले ९.८, म्हणजे ७.८४ इतकेच देऊ शकते. हिशेबात थोडी तूट आली. मोटार बाहेरच्या बाजूला घसरणार. वेग ताशी ७० कि.मी. असता तर ती कशीबशी निभावून गेली असती.

हाच हिशेब करणारा एक खेळ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये निघाला. त्याचे नाव ‘ग्रॅन टुरिझ्मो’. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’ या यंत्रावर, दूरदर्शन संचाला जोडून तो खेळता येई. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी सुमारे पाच वर्षे खर्च केली. पुढे या मालिकेचे अनेक खेळ निघाले. परंतु भौतिकीच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा खरा नमुना मला हा पहिलाच वाटतो. त्याचे गुण आणि दोष दोन्ही उघड्यावर आहेत.

आधी यंत्राकडे पाहा. त्याची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट. मध्यवर्ती प्रक्रियकाचा ठेका सेकंदाला सुमारे ३.४ कोटी. दशांश अपूर्णांक हाताळणारा स्वतंत्र भागच त्यात नव्हता. सारे गणित पूर्णांकांत बसवावे लागे. अशा यंत्राने सेकंदाला ३० चित्रे काढायची! ताशी १०८ कि.मी. वेगाने जाणारी मोटार दोन चित्रांच्या मधल्या वेळात एक मीटर पुढे सरकलेली असते. यंत्र आपल्यासारखे समीकरण सोडवून उत्तर काढत नाही. मोटारीवर या क्षणी कोणती बले आहेत ते पाहायचे, त्यावरून त्वरण काढायचे, त्वरणावरून नवा वेग आणि वेगावरून नवी जागा, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. न्यूटनचा दुसरा नियमच, पण थेंबाथेंबाने वापरलेला.

आता या खेळाचा मोठा गुण. नवा खेळाडू वळणावर घाबरतो आणि वळता वळताच ब्रेक दाबतो. गाडी वळायचे सोडून सरळच जाते. तो म्हणतो, “खेळ बिघडला!” खेळ बिघडलेला नसतो. टायरजवळ घर्षणाची ठरावीक पुंजी असते आणि ब्रेक व वळण हे दोघेही त्याच पुंजीवर जगतात. मात्र ही वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही. ब्रेकचे बल मागच्या दिशेने, वळणाचे बल आडव्या दिशेने. दोन्ही परस्परांना काटकोनात असल्यामुळे येथे पायथागोरसचा सिद्धांत लागतो. एकूण ७.८४ पैकी ब्रेकसाठी ६ खर्च झाले, तर वळणासाठी सुमारे ५ उरतात. तेवढ्या त्वरणावर त्याच ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५७ कि.मी.चाच वेग झेपेल. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा. ही गोष्ट खेळ कोणतेही व्याख्यान न देता शिकवतो. (आम्हां व्याख्यात्यांना हे कबूल करणे जरा जड जाते.)

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली जाते, पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि मागची चाके हलकी होतात. भार कमी झाला की घर्षणही कमी. त्यामुळे पुढच्या चाकांना शक्ती देणारी मोटार आणि मागच्या चाकांना शक्ती देणारी मोटार या खेळात सारख्या वागत नाहीत. पहिली जोर दिला की वळणाबाहेर रेंगाळते, दुसरी गर्रकन फिरते. शर्यतीत उतरण्याआधी परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागत, हेही मला आवडले. त्यांपैकी एक अशी, की ठरावीक अंतर जाऊन आखलेल्या पट्ट्यात थांबायचे.

या मालिकेतील पुढच्या खेळांवर आधारलेली एक स्पर्धा २००८ पासून होऊ लागली. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. खऱ्या मोटारीवर प्रशिक्षण घेऊन २०११ मध्ये तो फ्रान्समधील ले माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरला आणि त्याच्या संघाने आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळवला. घर्षणाचे गणित बरोबर होते याचा याहून चांगला दाखला कोणता?

परंतु हीच मोटार भिंतीवर आदळू द्या, म्हणजे न्यूटन खेळातून बाहेर पडतो. पहिल्या ग्रॅन टुरिझ्मोमध्ये कितीही जोराने धडक दिली तरी गाडीवर ओरखडासुद्धा उमटत नसे. ती उसळून परत रस्त्यावर येई. चलाख खेळाडू तर ब्रेक न लावताच वळणात शिरत आणि बाहेरच्या भिंतीला गाडी घासत नेत. जे बल घर्षणाने द्यायचे ते भिंत देई, फुकटात! १००० किलोग्रॅमच्या मोटारीजवळ ताशी ७२ कि.मी. वेगाला २ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. खऱ्या अपघातात ती पत्रा चेपण्यात, उष्णतेत आणि दुर्दैवाने माणसांची हाडे मोडण्यात जाते. पत्रा नेमका कसा चेपेल हे गणित त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते, हे मान्य. पण धडकेनंतर वेग भरपूर घटवायला आणखी एक गुणाकार पुरला असता. मालिकेत गाडीचे नुकसान दिसू लागले ते २०१० च्या पाचव्या खेळात, आणि तेही बेताचेच.

हा दोष मला लहान वाटत नाही, कारण तुमच्यापैकी कित्येक जण दोन-तीन वर्षांत खरे वाहन हाती घेणार आहात. ताशी ७२ कि.मी. वेगाची मोटार अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मंदन ४०० मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चाळीस पट. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला तेवढ्यात थांबवण्यासाठी २०,००० न्यूटन बल लागेल. सुमारे दोन टनांचे ओझे. आसनपट्टा नसेल तर ते बल समोरची काच देते. खुर्चीत बसलेल्या खेळाडूला मात्र काहीच जाणवत नाही. त्याचे डोळे ताशी २०० कि.मी. वेगाने जात असतात आणि शरीर शून्याने.

घरी असा एखादा खेळ असेल तर एक प्रयोग करून पाहा. सरळ रस्त्यावर वेग ताशी १०० कि.मी. करा, ब्रेक पूर्ण दाबा आणि थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. २७.८ ला त्या सेकंदांनी भागा, आलेल्या उत्तराला ९.८ ने भागा. हा तुमच्या खेळातील रस्त्याचा घर्षणांक. तो ०.८ ते १ च्या आसपास आला तर गणित साध्या टायरचे आहे. शर्यतीच्या टायरचा १ च्या वरही जातो. २ च्या पुढे गेला तर मोटारीला वरून हवा दाबत आहे काय ते पाहा, आणि तसे नसेल तर आज्ञावली लिहिणाऱ्याने तुम्हांला खूश ठेवले आहे असे समजा.