याद्यांचें यंत्रवाचन आणि त्यांतील अपपाठ

पोथ्यांच्या व कागदपत्रांच्या याद्या संगणकावर उतरवून त्यांवरून सांख्यिकी कोष्टकें करण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. यादी निर्दोष असूनही ती सांख्यिकी आज्ञावलींत घेतांना तिचा पाठ फिरतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. या दोषाचे प्रकार व त्याचा प्रतिकार येथें सांगावयाचा आहे.

उदाहरणार्थ 'आर' ही आज्ञावली घेऊं. यादी वाचतांना प्रत्येक स्तंभाची जाति ती आपणच ठरविते. इंग्रजी आंकड्यांत लिहिलेल्या सर्व नोंदी संख्येसारख्या दिसल्या कीं तो संख्यास्तंभ झाला. मग ००४७ हा दाखलांक ४७ होतो. संग्रहांत ०४७ व ००४७ अशा दोन पोथ्या असल्यास त्या एकच ठरतात, आणि हा भेद पुढें कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. प्रतींस 'टी' व 'एफ' एवढींच संकेताक्षरें दिलीं असतील, तर त्यांचा अर्थ 'खरें' व 'खोटें' असा घेतला जातो. नागपूरच्या प्रतीस 'एनए' म्हटलें, तर ती नोंदच लुप्त होते.

शकांच्या स्तंभांत याहून सूक्ष्म घोटाळा होतो. समजा, त्यांत १५९६, १६८२, १७००? व १७३९ अशा नोंदी आहेत. एका प्रश्नचिन्हामुळें सर्व स्तंभ अक्षररूप होतो. २०२० सालीं निघालेल्या ४.०.० आवृत्तीपूर्वीं असा स्तंभ आपोआप 'फॅक्टर' म्हणजे वर्गरूप होत असे. त्याची थेट संख्या केली असतां शकांऐवजीं १, २, ३, ४ असे वर्गांचे अनुक्रमांक हातीं येत. जुन्या आज्ञा वापरणारांनीं हें अवश्य तपासावें.

'एक्सेल'मध्यें ३-४ हा रुमालांक दिनांक होऊन बसतो. जीवशास्त्रज्ञांसहि हा उपद्रव झाला; 'सेप्ट२' हें जनुकनाम सप्टेंबरची तारीख होई, म्हणून २०२० मध्यें अशीं नांवेंच बदलावीं लागलीं.

प्रतिकार सोपा आहे. वाचतांना 'कॉलक्लासेस' या जागीं 'कॅरॅक्टर' लिहून सर्व स्तंभ अक्षररूपच घ्यावे, 'एनए.स्ट्रिंग्ज' या जागीं रिक्त अवतरण द्यावें. एक्सेलमध्यें यादी थेट न उघडतां आयात करून स्तंभास 'टेक्स्ट' ही जाति द्यावी. नंतर ज्या स्तंभावर गणित करावयाचें, त्याचीच संख्यारूप प्रत निराळ्या स्तंभांत करावी. वर्गरूप असल्यास प्रथम अक्षररूप करून मग संख्या करावी. '१७००?' सारख्या नोंदी नव्या स्तंभांत रिकाम्या राहतील. तींच स्थळें मूळ पोथीवरून पाहावयाचीं होत.

संशोधित पाठ देतांना मूळ पाठ खोडूं नये, हा पोथ्यांच्या संपादनांतील नियम आपणांस नवा नाहीं. यंत्रवाचनासहि तोच लावावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.