दृष्टिपटलाचे रक्षक आणि वार्धक्य : डॉ. राजेंद्र आपटे यांचे नेत्रसंशोधन

प्रस्तावना

डोळ्याच्या आत मागील बाजूस असलेल्या प्रकाशग्राही पडद्यास मराठीत दृष्टिपटल व उर्दूत शबकिया म्हणतात. अरबी ‘शबका’ आणि ज्यावरून ‘रेटिना’ हा शब्द आला तो लॅटिन ‘रेटे’, या दोहोंचा अर्थ जाळे असा आहे. या पटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचन, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. उतारवयात पीतबिंदूचा ऱ्हास झाला की कडेचे दिसत राहते, पण मधले पुसट होत जाते.

बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या शहरात एखाद्या वृद्ध कारागिराला तुटलेला धागा जोडता येईनासा झाला, तर ‘मोतीबिंदू असेल, पिकला की ऑपरेशन करू’ असे म्हणून घरचे थांबू शकतात. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते व ते बदलता येते. पीतबिंदूचा ऱ्हास हा पडद्याचा विकार असून त्यात नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. त्यामुळे हा फरक वेळीच कळणे महत्त्वाचे ठरते.

संशोधनाचा प्रवास

हा ऱ्हास वाढत्या वयातच का होतो, या प्रश्नाचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. राजेंद्र आपटे यांची गणना होते. मुंबई विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील डॅलस येथे रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन केले. शरीराच्या संरक्षक पेशी डोळ्याच्या नाजूक भागांवर हल्ला का करीत नाहीत, हा त्यांचा विषय होता. डोळ्याच्या पुढील भागातील द्रवात या पेशींना आवर घालणारा घटक असतो, असे 1996 व 1998 मधील त्यांच्या शोधनिबंधांतून दिसून आले.

पुढे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी महाभक्षी पेशींकडे लक्ष वळविले. या पेशी मृत पेशी व कचरा गिळून टाकतात. पीतबिंदूच्या ‘ओल्या’ विकारात पडद्याखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात व त्या गळतात. महाभक्षी पेशी या वाहिन्यांची वाढ रोखतात, असे 2006 मध्ये उंदरांवरील प्रयोगात आढळले. मात्र वृद्ध उंदरांतील त्याच पेशी वाढीला साहाय्य करतात, असे 2007 मध्ये दिसले. वार्धक्यात रक्षकाचे वर्तनच पालटते!

याचे एक कारण 2013 च्या निबंधात स्पष्ट झाले. पेशीतील जादा कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारे एबीसीए-1 हे प्रथिन वयोमानाने कमी होते. पेशीत कोलेस्टेरॉल साचते आणि ती रक्तवाहिन्यांच्या वाढीस अनुकूल बनते. हा निचरा औषधाने पुन्हा सुरू केल्यावर उंदरांतील वाहिन्यांची वाढ घटली. 2016 मध्ये त्यांच्या गटाने प्रकाशग्राही पेशींना ऊर्जानिर्मितीसाठी एनएडी हे द्रव्य अत्यावश्यक असल्याचे दाखविले. त्याची निर्मिती खुंटली की उंदरांची दृष्टी जाते.

अन्वयार्थ

हे निष्कर्ष प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांचे आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतल्याने पीतबिंदू वाचेल, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. आज ओल्या विकारावर डोळ्यात इंजेक्शन देऊन रक्तवाहिन्यांची वाढ रोखली जाते. ते वारंवार घ्यावे लागते आणि लवकर सुरू केल्यास अधिक दृष्टी टिकते. अशा उपचारांच्या पुढचा मार्ग शोधण्यासाठी रोगाचे मूळ समजणे आवश्यक असते. डॉ. आपटे यांच्या कार्याचे महत्त्व येथेच आहे.

समारोप

शिक्षकांना या विषयाचा वर्गात सहज उपयोग करता येईल. गणिताच्या वहीतील चौकटींचे पान समोर धरावे, चष्मा असल्यास तो लावावा, एक डोळा झाकून मध्यभागी पाहावे व नंतर दुसऱ्या डोळ्याने तसेच करावे. सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग जाणवला, तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मात्र रेषा सरळ दिसल्या म्हणून तपासणी टाळू नये. विद्यार्थ्यांनी ही साधी कृती घरी आजी-आजोबांकडून, दादा-दादींकडून करवून घेतली, तर एखाद्या घरातील वृद्धाचे वाचन टिकू शकेल.