फायबरच्या पोटातली लाकूडकूज

फायबरची बोट कुजत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थराला लाकूड खाणारी बुरशी लागत नाही, हे बरोबर. पण ‘फायबरची’ म्हणवणाऱ्या बहुतेक जुन्या बोटींच्या पोटात लाकूड दडलेले असते. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचा गाभा असतो, मागच्या उभ्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, प्लायवुड असते आणि तळाला ताठ ठेवणाऱ्या लांबलचक स्ट्रिंगरमध्ये फळ्या असतात. 1959 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडली गेलेली ‘पिअर्सन ट्रायटन’ ही शिडाची बोट घ्या. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली, ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी बांधायला सुरुवात झालेली ही 28 फुटी बोट सातशेच्या आसपास संख्येने तयार झाली आणि त्यातल्या कितीतरी आजही पाण्यावर आहेत. तिचा पाण्यातला भाग निव्वळ जाड फायबरचा आहे आणि डेकमध्ये बाल्सा आहे. इतक्या वर्षांनी अशी बोट कोणी स्वस्तात घेऊन दुरुस्तीला काढतो, तेव्हा प्रश्न तळाचा क्वचितच असतो. तो असतो पायाखाली दबणाऱ्या डेकचा.

हे उलटे वाटते, कारण बोटीचा शत्रू समुद्र, असे आपण धरून चालतो. बुरशीला मात्र समुद्र मानवत नाही. लाकूड कुजायला ओल लागते, हवा लागते आणि ऊब लागते. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. ते 30 टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेले आणि हवाही मिळत राहिली, की तिचे फावते. सतत बुडालेल्या लाकडाला प्राणवायू पुरत नाही आणि खारे पाणी या बुरशीला रोखते. लाकडी जहाजांच्या काळात न्यू इंग्लंडचे जहाज बांधणारे बरगड्यांच्या फटींत मीठ ठासून भरत, ते याच अनुभवावरून. म्हणून जुन्या फायबर बोटीची खरी वैरी असते पावसाची सर. गोडे पाणी वरून झिरपते, दोन थरांमध्ये अडकते, आणि फायबर त्याला वाळू देत नाही. ज्या कवचाने लाकूड जपायचे, तेच मग ओल जपत बसते.

पण पाणी आत शिरते कुठून? माझ्या मते बोटीच्या तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. अखंड फायबरमधून पाणी सहजी शिरत नाही. ते शिरते भोकांतून. भोके पाडलेली असतात बोल्टांसाठी, आणि बोल्ट असतात तिथे, जिथे बोटीवर जोर येतो: रेलिंगच्या खांबाच्या पायाशी, दोर बांधायच्या खुंटीखाली, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्यांपाशी, इंजिन टांगलेल्या ट्रान्समवर. वापरात प्रत्येक खांब थोडा थोडा हलतो, त्याखालचे सीलंट सुटते, केसाएवढी फट पडते. म्हणजे ज्या भोकातून भार बोटीत उतरतो, त्याच भोकातून पाणीही उतरते. कूज सगळ्या बोटीत वाटेल तशी पसरलेली नसते. ताकद सर्वांत जास्त हवी तिथेच ती बहुधा सुरू होते. ‘डेकचा दहावा हिस्साच तर मऊ आहे’ हा विक्रेत्याचा दिलासा त्यामुळे पोकळ ठरतो. किती लाकूड कुजले यापेक्षा कुठले कुजले, हे आधी विचारायला हवे.

त्या ठिकाणी लाकूड गेले तर काय जाते, हे साध्या हिशेबाने दिसते. समजा, 3 मिलिमीटरचे दोन फायबर थर आणि मध्ये 12 मिलिमीटरचा बाल्सा आहे. गाभा दोन्ही थरांना घट्ट चिकटलेला असेल तर वरचा थर दाब घेतो, खालचा ताण घेतो आणि दोन्ही एकजीव होऊन वाकण्याला विरोध करतात. गाभ्याचा लगदा झाला की थर एकमेकांवरून सरकू लागतात आणि उरतात दोन सुटे पातळ पत्रे. आदर्श स्थितीतला हिशेब मांडला तर ताठपणा सुमारे 75 पटींनी घटतो. बाल्साचे ठोकळे मुद्दाम त्यांचे रेषे उभे राहतील असे बसवतात. पाणी रेषांच्या दिशेने झपाट्याने आणि आडवे हळू जाते, त्यामुळे ओल एका जागी थोपायला हवी. पण गोलाईवर बसण्यासाठी बाल्साचा तक्ता छोट्या चौकोनांत चिरलेला असतो. बांधताना त्या चिरा रेझिनने भरल्या गेल्या नसतील, तर वाफ्यांमधल्या पाटासारखे पाणी त्यांतून दूरवर फिरते.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे ठोकून पाहणे. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने खांबाच्या पायापासून बाहेरच्या बाजूला टकटक करत जायचे. चांगल्या जागी आवाज टणक येतो, हातोडी उसळते. बिघडलेल्या जागी बद्द आवाज येतो आणि हातोडी जणू जागीच बसते. आवाज बदलतो तिथे खडूने खूण करत गेले की थोड्या वेळात डेकवर नकाशा उमटतो, आणि त्यातले डाग बोल्टांभोवती जमलेले दिसतात. दुसरे साधन ओलमापक यंत्र. ते आकडा दाखवते म्हणून त्यावर भाबडा विश्वास बसतो, पण फायबरवरून घेतलेला आकडा म्हणजे लाकडातल्या पाण्याची नेमकी टक्केवारी नव्हे. मागे धातूची टाकी असली, तळाच्या रंगात तांबे असले तरी काटा चढतो. शिवाय ओले म्हणजे कुजलेले नव्हे. आणि हातोडीला लगदा ओळखता येतो, कोवळी कूज ओळखता येत नाही. तपकिरी कूज करणारी बुरशी आधी लाकडातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. लाकडाचे वजन पाच-दहा टक्केच घटलेले असताना त्याची ताकद निम्म्याहून कमी झालेली असू शकते.

म्हणून शेवटचा निवाडा ड्रिलचा. आतल्या बाजूने, बाहेरचे कवच न भेदता, 5-6 मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि पात्याला आलेला भुसा बोटावर घ्यायचा. फिकट, कोरडा, कुरळा भुसा म्हणजे लाकूड जिवंत आहे. रंग शाबूत पण ओलसर असेल तर पाणी शिरले आहे, अजून वेळ आहे. काळपट, चिकट, कुबट वासाचा गाळ आला तर शंका उरत नाही. चांगल्या बोटीला भोके कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण असे भोक घट्ट इपॉक्सी रेझिनने काही मिनिटांत कायमचे बुजवता येते, आणि बोटीत आधीच असलेल्या कित्येक बोल्टांच्या भोकांपुढे ते काहीच नाही. खडूच्या नकाशावर जिथे भार आणि डाग एकत्र येतात, तिथेच अशी भोके घ्यायची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्ट्रिंगरमधली फळी हा केवळ साचा, भार वरचे फायबर पेलते. काही बोटींत हे खरे आहे. वरचा थर पुरेसा जाड आणि तळाशी पक्का जोडलेला असेल, तर आतली फळी कुजूनही तो भाग टिकतो. पण ते थराची जाडी मोजूनच ठरते, गृहीत धरून नव्हे. आणि इंजिनचे बोल्ट त्या फळीतच पिळलेले असतील तर साचा म्हणून तिला सोडून देता येत नाही. ट्रान्समला तर ही सवलत मुळीच नाही. तिथे इंजिनचा रेटा आणि त्याच्या लोंबत्या वजनाचा पीळ प्लायवुडच झेलते. इंजिनचा खालचा भाग धरून वर-खाली रेटावा आणि ट्रान्समच्या कडेला नजर ठेवावी; भिंत श्वास घेतल्यासारखी हलली तर आतले लाकूड थरांपासून सुटले आहे. भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतायचा सोपा उपाय अनेकांना मोहात पाडतो. ओल्या लाकडाच्या छिद्रांत आधीच पाणी असते, तिथे रेझिन मुरत नाही. ते पोकळी भरते, वरून आवाज टणक करते, आणि पुढच्या तपासणाऱ्याची हातोडी फसवते.

कोकणात आणि गोव्यात आज फायबरच्या मासेमारी होड्या किनाऱ्याकिनाऱ्याला दिसतात. ज्यांच्या ट्रान्सममध्ये प्लायवुड आहे, त्यांना हा सगळा हिशेब तंतोतंत लागू पडतो, कारण पावसाळ्यात होडी खाऱ्या पाण्यातून काढून वाळूत ओढली जाते आणि नेमके तेव्हाच गोड्या पाण्याचे मारे सुरू होतात. नुसते वरून शाकारून भागत नाही. मागची बाजू उतरती ठेवावी, पाणी वाहून जायचे बूच काढावे, आणि इंजिन उतरवल्यावर उघडी राहिलेली बोल्टांची भोके त्याच दिवशी बुजवावीत. कायमची दुरुस्ती करायची तर भोक बोल्टपेक्षा मोठे पाडतात, कडेचे लाकूड खरवडून काढतात, ती सगळी जागा घट्ट इपॉक्सीने भरतात आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टचे नवे भोक पाडतात. मग सीलंट सुटले तरी बोल्टवरून उतरणारे पाणी इपॉक्सीच्या नळीतूनच खाली जाते आणि लाकडाला लागत नाही.