कच्चा आहार आणि बुलढाण्याचं ताट

कच्चा आहार म्हणजे साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेलं अन्न: फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले शेंगदाणे. बुलढाण्यात त्याची सुरुवात घरातूनच करता येते. मेथी, पातीचा कांदा किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरून, मीठ-तेल लावून केलेला घोळाणा भाकरीबरोबर रोज खावा, असं मला मनापासून वाटतं. शिजवताना कमी होणारं क जीवनसत्त्व त्यातून मिळतं. हिवाळ्यात हरभऱ्याचे हिरवे सोलेही आहेतच. हुरडा मात्र भाजलेला, तो यात बसत नाही.

पण आपल्या शेतातलं सोयाबीन कच्चं कधीही खाऊ नये. त्यातले काही घटक प्रथिनांचं पचन अडवतात. नीट शिजवल्यावरच ते निष्प्रभ होतात. राजमाही तसाच. टोमॅटोतलं लायकोपीन उलट शिजवल्यावर अधिक मिळतं.

महात्मा गांधींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि आमांश झाल्यावर थांबवला. म्हणून चूल पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. केवळ कच्च्या वनस्पती खाणाऱ्याला ब-१२ मिळत नाही. गर्भवती, लहान मुलं आणि मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावं. पालेभाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवावी. मोड मात्र वाफवलेलेच बरे, कारण उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात.